पैदासकाराला किती वर्षे देणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हैदराबादजवळ पाटणचेरू येथे असलेल्या इक्रिसॅट या कोरडवाहू पिकांवरील आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेच्या महासंचालकपदाची सूत्रे मार्च २०२५ मध्ये डॉ. हिमांशू पाठक यांनी स्वीकारली. त्याआधी ते भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे महासंचालक होते आणि त्याही आधी बारामतीजवळच्या माळेगाव येथील राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्थेचे संचालक होते, त्यामुळे महाराष्ट्रातील कृषी वर्तुळाला त्यांचे नाव परिचयाचे आहे. नेमणुकीच्या ज्या बातम्या माझ्या वाचनात आल्या, त्यांत एका भारतीय शास्त्रज्ञाला मिळालेला मान हाच सूर मुख्य होता. तो अस्थानी नाही. तथापि तूर, हरभरा, ज्वारी, बाजरी आणि भुईमूग ही ज्या संस्थेची मुख्य पिके आहेत आणि जिच्या कामाचा महाराष्ट्राच्या कोरडवाहू शेतीशी पन्नास वर्षांचा संबंध आहे, तिच्या नेतृत्वाविषयी बोलताना आणखी काही विचारायला हवे. तिथल्या तुरीच्या कार्यक्रमाचा प्रमुख, म्हणजे नवे वाण घडवणारा पैदासकार, कोण आहे, तो त्या पिकावर किती वर्षे टिकला आहे, त्याच्यानंतर काम सांभाळणारी व्यक्ती आज त्याच्यासोबत शेतात तयार होत आहे का, आणि त्याने सुरू केलेल्या चाचण्यांना पुढची दहा वर्षे पैसा मिळेल याची जबाबदारी कोणी घेतली आहे का, हे ते प्रश्न. आंतरराष्ट्रीय पीकपैदास संशोधनाचा इतिहास पाहिला तर संस्थांचे यशापयश या प्रश्नांच्या उत्तरांवर ठरत आलेले दिसते, म्हणून हे पत्र थोडे विस्ताराने लिहीत आहे.

या इतिहासाची सुरुवात बहुतेक जण डॉ. नॉर्मन बोरलॉग यांच्यापासून करतात आणि ते योग्यही आहे, परंतु त्यांच्या कथेतील एक प्रसंग आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. वनस्पतिरोगशास्त्रात पीएच.डी. मिळवलेले बोरलॉग १९४४ मध्ये रॉकफेलर फाउंडेशनच्या कार्यक्रमात मेक्सिकोला गेले, तेव्हा त्या कार्यक्रमाचे प्रमुख डॉ. जॉर्ज हरार हे होते. गव्हाच्या तांबेरा या बुरशीजन्य रोगावर लवकर मात करायची तर वर्षाला एकाऐवजी दोन पिढ्या घेतल्या पाहिजेत, त्यासाठी हिवाळ्यात समुद्रसपाटीजवळच्या सोनोरा राज्यातील याकी खोऱ्यात आणि उन्हाळ्यात सुमारे २,६०० मीटर उंचीवरच्या तोलुका परिसरात पेरणी करावी, असा बोरलॉग यांचा आग्रह होता. कापणीनंतर बियाण्याला विश्रांती लागते, हा तेव्हाचा पुस्तकी समज त्याच्या आड येत होता आणि खर्चाचा प्रश्नही होता. हरार यांनी परवानगी नाकारली, बोरलॉग यांनी राजीनामा देऊ केला, आणि त्यांचे गुरू डॉ. एल्विन स्टॅकमन यांनी मध्यस्थी केल्यावर हरार यांनी आपला निर्णय फिरवला. पुढे याच दुहेरी पेरणीतून दिवसाच्या लांबीला न जुमानणारा गहू हाती आला. दोन टोकांच्या हवामानांत तगलेले वाणच निवडले गेल्यामुळे ते मेक्सिकोबाहेर पंजाबातही वेळेवर निसवले, आणि १९६६ मध्ये भारताने १८,००० टन मेक्सिकन बियाणे मागवण्याचे धाडस केले ते त्या भरवशावर. या प्रसंगात मला बोरलॉग यांच्या हट्टाइतकेच हरार यांच्या माघारीचे मोल वाटते. हाताखालच्या तरुण शास्त्रज्ञाला पिकाविषयी आपल्यापेक्षा अधिक कळते, हे संस्थेच्या प्रमुखाने मान्य करणे ही साधी गोष्ट नाही.

बोरलॉग यांच्यानंतर काय झाले, हे त्याहून महत्त्वाचे. १९६६ मध्ये सिमिट ही मका आणि गव्हावरील आंतरराष्ट्रीय संस्था मेक्सिकोत उभी राहिली. वाराणसी परिसरात १९४३ मध्ये जन्मलेले, दिल्लीच्या पुसा संस्थेत डॉ. एम. एस. स्वामिनाथन यांच्या मार्गदर्शनाखाली एम.एस्सी. आणि सिडनी विद्यापीठात पीएच.डी. केलेले डॉ. संजय राजाराम १९६९ मध्ये तेथे रुजू झाले. १९७२ मध्ये, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, त्यांच्याकडे गहू पैदास कार्यक्रमाची धुरा सोपवण्यात आली. नोबेल पारितोषिक मिळून दोनच वर्षे झालेल्या माणसाने आपले काम एका तिशीतही न पोहोचलेल्या परदेशी तरुणाच्या हाती द्यावे आणि स्वतः आणखी काही वर्षे त्याच शेतात त्याच्या शेजारी उभे राहावे, यातून जी अखंडता आली ती कोणत्याही नियोजन आराखड्याने आली नसती. राजाराम यांनी तीन दशकांहून अधिक काळ त्या संस्थेत काम केले. त्यांच्या कामातून तयार झालेल्या वाणांची संख्या ४८० च्या वर आणि त्यांखालील क्षेत्र ५१ देशांत मिळून ५ कोटी ८० लाख हेक्टर असल्याची नोंद २०१४ चा जागतिक अन्न पुरस्कार त्यांना देताना झाली. भारतातील वायव्येकडच्या पट्ट्यात वर्षानुवर्षे पेरला गेलेला पीबीडब्ल्यू ३४३ हा गहू सिमिटच्याच एका वाणातून निवडलेला होता. त्यांनी मेक्सिकोचे नागरिकत्व घेतले होते आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यांचे निधन झाले. ते भारतीय की मेक्सिकन, या वादात मला रस नाही. त्यांना ती वर्षे मिळाली, ही बाब मला लक्षात ठेवण्यासारखी वाटते.

तांबेऱ्याच्या बाबतीत तर या वर्षांचा हिशेब उघड दिसतो. एकाच प्रभावी जनुकावर विसंबलेला वाण काही हंगाम निरोगी राहतो आणि मग बुरशीचा नवा प्रकार येऊन तो कोसळतो. याउलट, प्रत्येकी थोडा थोडा प्रतिकार देणारी अनेक जनुके एकत्र आणली तर रोग येतो पण सावकाश वाढतो, आणि पीक हाती लागते. असा सावकाश तांबेरणारा गहू तयार करायला ओळीओळीतून फिरून, वर्षामागून वर्ष तीच नोंद ठेवणारा डोळा लागतो. युगांडात १९९८-९९ च्या सुमारास काळ्या तांबेऱ्याचा युजी ९९ हा प्रकार सापडला, त्याने जगभर वापरात असलेल्या एका जनुकाचे संरक्षण निकामी केले. पुढे २००५ मध्ये, नव्वदी ओलांडलेले बोरलॉग पुन्हा मोहिमेवर निघाले, पण उत्तर देण्याजोगे साहित्य तयार होते ते राजाराम आणि त्यांच्यानंतरचे डॉ. रवी सिंग यांच्या या जुन्या, संथ कामामुळे. आपल्याकडेही महाबळेश्वरला गव्हाच्या गेरव्यासाठी, म्हणजे याच तांबेऱ्यासाठी, स्वतंत्र संशोधन केंद्र आहे. थंड हवेच्या ठिकाणी सहलीला जाणाऱ्यांपैकी किती जणांना त्याची कल्पना असेल कोण जाणे.

प्रमुखपदी त्याच विषयाचा तज्ज्ञ हवा, असे मात्र मी म्हणत नाही. फिलिपिन्समधील लॉस बान्योस येथे १९६० मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेचे म्हणजे इरीचे पहिले प्रमुख डॉ. रॉबर्ट चँडलर हे मृदाशास्त्रज्ञ होते आणि त्यापूर्वी एका अमेरिकन विद्यापीठाचे अध्यक्ष होते. भाताच्या पैदाशीशी त्यांचा संबंध नव्हता. त्यांनी माणसे नीट निवडली. पीटर जेनिंग्ज यांनी १९६२ मध्ये केलेल्या संकरातून हेन्री बीचेल यांनी आयआर ८ निवडला, सुरजित डे दत्ता या भारतीय कृषिविद्यावेत्त्याने त्याच्या खत-चाचण्या घेतल्या, तैवानचे टी. टी. चँग यांनी जनुककोश म्हणजे बियाण्यांच्या मूळ नमुन्यांचा साठा उभारला, आणि १९६६ मध्ये तो वाण प्रसारित झाला तेव्हा हेक्टरी नऊ टनांच्या पुढचे उत्पादन उष्णकटिबंधीय आशियातील लोकांच्या पाहण्यात आले.

पण इथेच नेतृत्वाची एक उणीवही दिसते, ती सांगायला हवी. आयआर ८ करपा आणि टुंग्रोसारख्या रोगांना बळी पडत होता. कटकच्या केंद्रीय भात संशोधन संस्थेचे तत्कालीन संचालक डॉ. आर. एच. रिछारिया यांनी बाहेरचे बियाणे घाईने आणण्यास हरकत घेतली आणि त्याची परिणती त्यांना पद सोडावे लागण्यात झाली. त्यांचे सगळेच म्हणणे बरोबर होते असे मानण्याचे कारण नाही, उत्पादनाची तातडी खरी होती. तरीही रोगांबाबतचा त्यांचा इशारा खोटा ठरला नाही. ती उणीव इरीतच डॉ. गुरुदेव खुश यांनी भरून काढली. १९६७ मध्ये रुजू झालेले खुश तिथे तीन दशकांहून अधिक काळ राहिले. हजारो नमुने तपासल्यावर ग्रासी स्टंट या विषाणूजन्य रोगाला प्रतिकार करणारा एकच जंगली भात सापडला, तो भारतातून गोळा केलेला होता, आणि त्याचा गुण उतरवलेला आयआर ३६ हा वाण १९८० च्या दशकात जगात सर्वाधिक क्षेत्रावर लावला जाणारा भात ठरला. जनुककोशात तो जंगली नमुना ठेवणारा, तपासणारा आणि संकर करणारा, अशी तीन वेगवेगळ्या माणसांची वर्षे त्या एका वाणात गेली आहेत.

आता आपल्या अधिक जवळच्या पिकांकडे येतो. तूर आणि हरभरा उत्पादकाला झाड वाळवणाऱ्या मर आणि तुरीला फुले-शेंगा येऊ न देणाऱ्या वांझ या रोगांची वेगळी ओळख करून देण्याची गरज नाही. या रोगांवरचे इक्रिसॅटमधील मूलभूत काम ज्यांच्या नेतृत्वाखाली झाले, ते डॉ. यशवंत लक्ष्मण नेने हे मराठी शास्त्रज्ञ होते, हे मात्र महाराष्ट्रात फार कमी लोकांना ठाऊक आहे. ग्वाल्हेरला जन्मलेल्या नेने यांनी पंतनगर विद्यापीठात असताना तराईतील भातावरचा खैरा रोग हा जंतूंमुळे नसून जमिनीतील जस्ताच्या कमतरतेमुळे होतो, हे १९६० च्या दशकात दाखवून दिले होते. इक्रिसॅटमध्ये कडधान्यांच्या रोगांचे प्रमुख म्हणून आल्यावर त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधी एक गोंधळ दूर केला. हरभरा वाळला की त्याला सरसकट मर म्हटले जाई, त्यात मुळकुज, खुजेपणा असे निरनिराळे रोग मिसळलेले होते. ते वेगळे ओळखल्याशिवाय प्रतिकारक वाण शोधणे म्हणजे अंधारात तीर मारणे होते. डॉ. एम. पी. हावरे आणि नेने यांनी १९८२ मध्ये हरभऱ्याच्या मर रोगाच्या बुरशीचे चार वेगवेगळे प्रकार नोंदवले आणि पुढे ही बुरशी हरभरा न पेरलेल्या जमिनीतही सहा वर्षांहून अधिक काळ जिवंत राहते, हे सिद्ध केले.

त्यांची पद्धत साधी होती आणि तितकीच चिकाटीची. शेताचा एक तुकडा मुद्दाम रोगट करायचा, मेलेली झाडे त्याच मातीत गाडत राहायचे, दर काही ओळींनंतर हमखास मरणारा वाण पेरून रोगाची तीव्रता सगळीकडे सारखी आहे ना, हे तपासायचे, आणि मग जगभरातून आलेले हजारो नमुने त्या जमिनीत टाकून जे उभे राहील तेवढेच पुढे न्यायचे. असा तुकडा एका हंगामात तयार होत नाही, त्याला काही वर्षे लागतात, आणि एकदा सोडून दिला की तो पुन्हा पहिल्यापासून उभा करावा लागतो. तुरीच्या वांझ रोगासाठी नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याहून मजेशीर उपाय काढला. हा रोग कोळ्यामार्फत पसरतो, म्हणून रोगट झाडाचे पान निरोगी रोपाच्या पानाला चक्क स्टेपलरने टाचायचे, म्हणजे कोळी एका पानावरून दुसऱ्यावर जातो आणि ज्या रोपात प्रतिकार नाही ते उघडे पडते. रोग घडवणारा विषाणू निश्चितपणे ओळखला जाण्याच्या वीसहून अधिक वर्षे आधी या टाचणीने प्रतिकारक झाडे निवडली जात होती. नेने पुढे त्या संस्थेचे उपमहासंचालक झाले. पदाने वर गेलेला रोगशास्त्रज्ञ असल्यामुळे रोगट शेताचे मोल प्रशासनाला समजावून सांगण्याची वेळ तिथे वारंवार आली नसावी, असे मला वाटते.

या शेतांतून तावूनसुलाखून निघालेली आयसीपीएल ८७११९ ही तूर १९९३ मध्ये आशा या नावाने प्रसारित झाली, ती मर आणि वांझ या दोन्ही रोगांना दाद देत नव्हती. मराठवाडा आणि विदर्भात ती अनेकांनी पेरली आहे. जालना जिल्ह्यातील बदनापूरच्या केंद्राने वांझ रोगाला प्रतिकारक असे बीएसएमआर मालिकेतील वाण दिले, ते याच प्रश्नाला परभणीच्या विद्यापीठाने दिलेले उत्तर होते. २०११ च्या सुमारास तुरीचा जनुकीय आराखडा उलगडण्याचे काम दोन स्वतंत्र गटांनी केले, एक इक्रिसॅटच्या डॉ. राजीव वार्ष्णेय यांच्या नेतृत्वाखालील आंतरराष्ट्रीय गट आणि दुसरा भारतीय कृषी अनुसंधान परिषदेतील डॉ. एन. के. सिंग यांचा. दोघांनीही त्यासाठी आशा हाच वाण घेतला. संगणकावर उलगडलेल्या त्या आराखड्यामागे टाचलेली पाने आणि रोगट माती आहे, हे नव्या तंत्रज्ञानाविषयी उत्साहाने बोलणाऱ्यांनी ध्यानात ठेवलेले बरे. हरभऱ्यात अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ, जबलपूरचे विद्यापीठ आणि इक्रिसॅट यांच्या संयुक्त कामातून आलेला जॅकी ९२१८ हा वाण तर आपल्या शेतकऱ्यांना नावानेच माहीत आहे.

महाराष्ट्राने या संस्थेला दिले ते नुसते चाचणीचे क्षेत्र नव्हते. १९७५ पासून इक्रिसॅटच्या अर्थशास्त्रज्ञांनी गावपातळीवरचा दीर्घकालीन अभ्यास सुरू केला, त्यात सोलापूर जिल्ह्यातील शिरापूर व कळमण आणि अकोला जिल्ह्यातील कंझारा व किनखेडा ही गावे होती. निवासी पाहणीदार गावातच राहून कुटुंबांच्या पेरण्या, मजुरी, कर्ज, जनावरे आणि आहार यांच्या नोंदी घेत. त्या अभ्यासाच्या प्रवर्तकांपैकी डॉ. जेम्स रायन हे पुढे १९९१ ते १९९७ या काळात इक्रिसॅटचे महासंचालक झाले. रब्बी ज्वारीच्या बाबतीत अशा अभ्यासाची गरज किती होती, हे सोलापूरच्या कोणत्याही शेतकऱ्याने सांगितले असते. संकरित ज्वारीने धान्याचे उत्पादन वाढवले, पण रब्बीत मालदांडीची जागा तिला घेता आली नाही, कारण भाकरीची चव, दाण्याची चकाकी आणि कडब्याचा भाव या तिन्ही बाबतींत मालदांडी पुढे होती. केवळ हेक्टरी क्विंटल मोजणाऱ्या पैदासकाराला कडबा दिसत नाही. पुढे इक्रिसॅटने पशुधनावरील आंतरराष्ट्रीय संस्थेबरोबर कडब्याची प्रत हाही निवडीचा निकष मानून काम केले, ते उशिरा सुचलेले असले तरी योग्य होते.

बाजरीचे उदाहरण मला सर्वांत आवडते. पश्चिम आफ्रिकेतील टोगो देशाच्या उत्तर भागात टपोऱ्या दाण्याची आणि लवकर येणारी इनियाडी नावाची बाजरी पूर्वापार पेरली जाते. तिच्यातून पाटणचेरूला निवडलेला आयसीटीपी ८२०३ हा वाण १९८८ मध्ये महाराष्ट्रासाठी प्रसारित झाला आणि आपल्या कोरडवाहू तालुक्यांत चांगला रुजला. दीड दशकानंतर धान्यातील लोह वाढवण्याचा जागतिक कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा बाजरी पैदासकार डॉ. के. एन. राय आणि त्यांच्या गटाच्या लक्षात आले की, शेतकऱ्यांच्या पसंतीस आधीच उतरलेल्या याच वाणात लोहाचे प्रमाण मुळात अधिक आहे. त्यांनी त्यातूनच आणखी निवड केली. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या सहभागाने हा वाण धनशक्ती या नावाने २०१२ मध्ये महाराष्ट्रात प्रसारित झाला. त्याच्या किलोभर दाण्यात सुमारे ७१ मिलिग्रॅम लोह असते. महाराष्ट्रातील १२ ते १६ वर्षांच्या शाळकरी मुलामुलींना या बाजरीची भाकरी देऊन केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यांत ज्यांच्या शरीरात सुरुवातीला लोह कमी होते त्यांच्यात लक्षणीय सुधारणा दिसली. ज्वारीत २०१८ चा परभणी शक्ती हा वाण याच मार्गाने आला. वरवर पाहता हे पोषणशास्त्राचे यश आहे. पण तीस वर्षे त्याच पिकात राहिल्यामुळे आपल्या जुन्या वाणात काय दडले आहे हे ज्याला आठवते, असा पैदासकार तिथे नसता तर नव्या वाणाची सुरुवात शून्यातून करावी लागली असती आणि ती शेतकऱ्याला पसंत पडेल याची खात्रीही नसती.

वाण घडवण्याइतकेच मूळ साहित्य सांभाळणे हेही नेतृत्वाचे काम आहे. सीरियातील अलेप्पोजवळच्या ताल हदिया येथे इकार्डा या कोरड्या प्रदेशांतील शेतीवरील आंतरराष्ट्रीय संस्थेचा गहू, जव, मसूर, हरभरा यांचा जनुककोश होता. युद्धाने तो परिसर गिळण्यापूर्वी डॉ. महमूद सोल्ह हे महासंचालक असताना, कोशातील बहुतेक नमुन्यांच्या प्रती देशाबाहेर, त्यांतील मोठा भाग नॉर्वेतील स्वालबार्डच्या बीजभांडारात, पोचल्या होत्या. २००८ मध्ये उघडलेल्या त्या भांडारातून पहिली मागणी २०१५ मध्ये इकार्डानेच केली. सुमारे ३८ हजार नमुने परत घेऊन लेबनॉन आणि मोरोक्कोत कोश पुन्हा उभा करण्यात आला. बियाण्याच्या प्रती काढून पाठवणे या कंटाळवाण्या कामाला कोणताही प्रमुख आपल्या कारकिर्दीचे भूषण म्हणून दाखवत नाही, म्हणून तर त्याची आठवण करून द्यावीशी वाटते.

आता सध्याच्या परिस्थितीविषयी. वर उल्लेखलेल्या आंतरराष्ट्रीय संस्था ज्यात येतात, त्या १९७१ मध्ये स्थापन झालेल्या सीजीआयएआर या संस्थासमूहाचा पूर्वी बराचसा निधी संस्थांना विनाअट मिळत असे, त्यामुळे प्रमुखाला दूरचे ठरवता येत होते. गेल्या तीसएक वर्षांत विशिष्ट प्रकल्पांसाठी तीन ते पाच वर्षांपुरते पैसे देण्याची रीत वाढत गेली. संकर केल्यापासून बियाणे शेतकऱ्याच्या हाती पडेपर्यंत साधारण दहा-बारा वर्षे जातात. कृत्रिम प्रकाशात वर्षाला चार-पाच पिढ्या घेण्याच्या नव्या तंत्राने त्यातली काही वर्षे वाचतात, पण निरनिराळ्या गावांत, निरनिराळ्या पावसात घ्यायच्या चाचण्यांचे हंगाम कमी करता येत नाहीत. म्हणजे एका वाणाच्या आयुष्यात निधीचे तीन करार संपतात आणि प्रत्येक वेळी शास्त्रज्ञाला नवे शीर्षक शोधावे लागते. संस्थांचे प्रमुखही पूर्वीपेक्षा लवकर बदलतात. २०१५ पासूनच्या दहा वर्षांत इक्रिसॅटला चौथे महासंचालक मिळाले आहेत. २०२५ मध्ये परदेशांना मदत देणाऱ्या अमेरिकेच्या यूएसएड या सरकारी संस्थेचा कारभार गुंडाळला गेल्यावर तिच्या पैशावर चालणारे अनेक पीकसंशोधन प्रकल्प जगभर मध्येच थांबले. रोगट शेताचा तुकडा असा मध्येच थांबवता येत नाही, हे निधी देणाऱ्यांना कोणी सांगायचे? मला वाटते, आजच्या महासंचालकाची खरी परीक्षा ते सांगण्यात आणि त्यासाठी भारतासारख्या देशांकडून विनाअट निधी मिळवण्यात आहे. इक्रिसॅट भारताच्या भूमीवर आहे आणि तिचा लाभ भारताला सर्वाधिक झाला आहे, तेव्हा ही अपेक्षा अवाजवी ठरू नये.

परंतु दिल्लीकडे आणि वॉशिंग्टनकडे बोट दाखवून आपली सुटका होत नाही. आंतरराष्ट्रीय संस्था देतात ते बहुतांशी कच्चे साहित्य असते. त्यातून आपल्या जमिनीला आणि पावसाला मानवणारा वाण निवडणे हे राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली येथील चार कृषी विद्यापीठांचे काम आहे आणि त्यांच्यातील रिक्त पदांच्या बातम्या आपल्याच दैनिकात नियमितपणे येतात. पद भरले तरी पैदासकाराला एका पिकावर राहू दिले जाईल याची शाश्वती नसते. तुरीवर सहा-सात वर्षे काम केलेल्या माणसाची बदली विस्तार शिक्षणात किंवा एखाद्या महाविद्यालयात होते, त्याच्या वह्या कपाटात राहतात आणि नवीन माणूस येतो तेव्हा ओळींच्या क्रमांकांचा अर्थ सांगायला कोणी नसते. या अनुभवाशी परिचित नसलेला निवृत्त कृषी अध्यापक महाराष्ट्रात सापडणे कठीण आहे. पिकाच्या मुख्य पैदासकाराची किमान बारा वर्षे बदली करू नये, त्याच्या निवृत्तीपूर्वी दोन वर्षे त्याचा उत्तराधिकारी त्याच केंद्रावर नेमावा आणि रोगट क्षेत्रे व मूळ वाणांची निगा यांसाठी प्रकल्पांपासून वेगळी, कायम तरतूद असावी, या तीन गोष्टी राज्य शासनाला आणि राज्याच्या कृषी परिषदेला मोठ्या खर्चाशिवाय करता येण्यासारख्या आहेत.

शेवटी आपल्या दैनिकाला एक विनंती. दरवर्षी कृषी विद्यापीठांच्या संयुक्त कृषी संशोधन व विकास समितीच्या बैठकीनंतर नव्या वाणांच्या शिफारशी आपण छापता. त्या बातमीत वाणाच्या नावापुढे त्याचे पैदासकार कोण, संकर कोणत्या वर्षी झाला, मूळ साहित्य कोणत्या संस्थेतून किंवा कोणत्या गावातून आले आणि पैदासकार बियाण्याची म्हणजे वाणाच्या मूळ शुद्ध बियाण्याची जबाबदारी यापुढे कोणाकडे राहील, एवढी चार ओळींची माहिती विद्यापीठांकडून मागवून छापावी. ती माहिती ज्या वाणाबाबत मिळणार नाही, तिथे ती मिळाली नाही असे स्पष्ट लिहावे.

कळावे,
आपला,
एक निवृत्त कृषी अध्यापक
परभणी